मशीन नंबर एक

हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय, दवाखान्यातून घरी सोडलंय आणि आता पुढे काय करायचं ते कळत नाहीये, अशा माणसांसाठी मी हे लिहिते आहे. यात औषधांची नावं नाहीत, ती तुमच्या डॉक्टरांना विचारा. भीती मात्र भरपूर आहे. ती नको असेल तर इथेच थांबलात तरी चालेल. पण मला वाटतं, तुमच्याकडेही ती असणार, आणि घरात ती कुणाला दाखवायची नाही असं तुम्ही ठरवलेलं असणार. मीही ठरवलं होतं.

माझं काम

मी विश्रांतवाडीला राहते आणि एका आरोग्य संस्थेत काम करते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासायची, ज्यांची जास्त निघेल त्यांना वेळेत दवाखान्यात पाठवायचं, म्हणजे पुढचे झटके टळतील, असं सरकारचं धोरण आहे. धोरण चांगलं आहे. वस्त्यांमध्ये शिबिरं घेऊन ते अमलात आणायचं काम आमच्यासारख्या संस्था करतात, आणि शिबिराची सगळी व्यवस्था माझ्याकडे असते. टेबलं, खुर्च्या, पाण्याचे जार, पडदे, पेनं, पंख्यासाठी एक्स्टेन्शन. मला याद्या करायला आवडतात. यादी केली की डोकं शांत राहतं आणि दुसऱ्यांना ओरडायला आधार मिळतो.

त्या यादीत एक ओळ कायम असायची: मशीन तपासणे. रक्तदाब मोजायची दोन मशीनं आमच्याकडे होती. लोक यायच्या आधी आमच्या नर्स, शिंदे सिस्टर, ती चालतात का ते बघायच्या. खोकी मी उघडायचे आणि शेजारीच उभी असायचे, म्हणून नंबर एक माझ्या हाताला लावलं जायचं. नंबर दोन त्या स्वतःच्या हाताला लावायच्या. दोन नंबर नेहमी शहाण्यासारखा आकडा दाखवायचं. एक नंबर भलताच मोठा.

“हे परत बिघडलं बघा,” सिस्टर म्हणायच्या.

मग सेल बदलायचे, पट्टा सोडून पुन्हा गुंडाळायचा. आकडा तसाच. शेवटी नंबर एक खोक्यात, आणि दिवसभराचं काम दोन नंबरवर. आम्ही ते दुरुस्तीलाही पाठवलं. ‘दोष आढळला नाही’ असा कागद चिकटवून परत आलं. पुढच्या शिबिरात माझ्या हाताला लावलं तर पुन्हा तेच. आम्ही दोघींनी त्या दुकानदाराला भरपूर नावं ठेवली आणि मशीन दुसऱ्या दुकानात पाठवलं.

हे वाचताना तुम्हाला उत्तर कधीच कळलं असेल. आम्हाला कळलं नाही. सिस्टरांची सगळी नोकरी माणसांचे हात धरण्यात गेली आहे आणि मीही काही नवखी नाही. पण आजारी माणसं टेबलाच्या पलीकडे बसतात, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं होतं की टेबलाच्या अलीकडचा हात हा आम्हाला हात वाटतच नव्हता. ते मशीन तपासायचं साधन होतं.

रविवारचं शिबिर

त्या रविवारी शिबिर वस्तीतल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये होतं. सकाळपासून माझा जबडा दुखत होता. दाढ असेल असं वाटलं. पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये कुणी मूठ दाबून धरल्यासारखं होत होतं. काही न खाता निघाले होते, म्हणून पित्तावरचं गुलाबी औषध घेतलं आणि खुर्च्या मांडायला लागले. छातीत कळ, डावा हात धरून खाली कोसळणं, असं काही झालं नाही. आमच्या शिबिरातल्या पोस्टरवर एक पुरुष छाती धरून उभा आहे. मी त्याच पोस्टरला चिकटपट्टी लावत होते.

सिस्टरांनी सवयीने नंबर एक माझ्या हाताला गुंडाळलं. आकडा नेहमीपेक्षाही मोठा आला. त्या सवयीने काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे गेलं.

“मॅडम, एवढा घाम का येतोय तुम्हाला?”

डोक्यावर पंखा चालू होता. मी म्हटलं, पित्त झालंय. त्यांनी स्वतःच्या हाताचा पट्टा काढला आणि नंबर दोन माझ्या दुसऱ्या हाताला लावलं. मी तशीच दोन्ही हात टेबलावर ठेवून उभी. पट्टा फुगला, उतरला. दोन्ही आकडे शेजारी शेजारी होते आणि दोन्ही जवळजवळ सारखेच होते.

सिस्टर एकदा या मशीनकडे बघत होत्या, एकदा त्या मशीनकडे. माझ्याकडे बघत नव्हत्या.

“बसा,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, अजून पडदे लावायचेत. “बसा म्हटलं ना.”

त्यांनी पेटीतली एक गोळी मला चावायला दिली आणि बाहेर जाऊन रिक्षा आणली. हॉलमध्ये तपासणीसाठी आलेली माणसं रांगेत बसली होती. त्यातल्या एक बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मॅडम निघाल्या व्हय? मग आमचं कोण बघणार?”

रिक्षात मी सिस्टरांना सूचना देत होते. कपाटाची किल्ली कुठे आहे, जार परत करायचे आहेत, विहाराच्या अध्यक्षांना फोन करा. त्यांनी माझं मनगट धरलेलं होतं आणि त्या नाडी मोजत होत्या.

“आता गप्प बसा,” त्या म्हणाल्या.

मी गप्प बसले, आणि त्याच क्षणी भीती आली. तोवर मी बोलत होते म्हणून तिला जागा नव्हती.  समोर रिक्षावाल्याची मान दिसत होती, आणि ही मान म्हणजे मी बघितलेली शेवटची गोष्ट असेल का, असा विचार आला. इतका क्षुल्लक शेवट मला नको होता.

चालू आहे

ईसीजीचा कागद बघून तरुण डॉक्टर म्हणाले, “हार्ट अटॅक आहे.” मी विचारलं, कधी आला होता? ते म्हणाले, “आला होता नाही. चालू आहे.”

हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

माझे पती मिलिंद घरातल्या चपला घालून धावत आले. वीज खात्यात त्यांची हयात गेली. सगळं शहर अंधारात असलं तरी शांतपणे फोनवर बोलणारा माणूस. त्यांना संमतीचा कागद दिला तर ते खिसे चाचपत राहिले. पेन माझ्या पर्समध्ये होतं. मीच काढून दिलं. ते सही करायला लागले तेव्हा मी डोळे मिटून घेतले. मला माझ्या छातीतल्या दाबापेक्षा त्या सहीची जास्त भीती वाटली.

मनगटातून तार घालून बंद पडलेली नळी उघडली आणि तिथे स्टेंट बसवला. त्याचं वर्णन करत नाही. मी जागी होते, दुखलं फारसं नाही, थंडी मात्र खूप वाजली. एका नर्सने माझ्या पायांवर आणखी एक चादर टाकली. तिचं नाव मी विचारलं नाही. चादर मात्र आठवते.

पिंपळे आजी

अतिदक्षता विभागात दिवस आणि रात्र यांत फरक नसतो. दिवा तोच, आवाज तोच. माझ्या उशाशी मॉनिटरचा पडदा होता आणि त्यावर माझी हिरवी रेघ धावत होती. मी तिच्याकडे बघत पडायचे. रेघ जरा वेगळी उडाली की श्वास रोखून धरायचे, आणि श्वास रोखला की ती आणखी वेगळी उडायची. नर्सला बोलावून विचारायचे, हे असं का झालं? तिने दोनतीनदा नीट उत्तर दिलं. नंतर “काही नाही हो” म्हणायला लागली.

शेजारच्या खाटेवर कसब्यातल्या पिंपळे आजी होत्या. त्यांच्या घरी तांब्याच्या भांड्यांचं काम. कानाला आयुष्यभर ठोक्यांची सवय, त्यामुळे इथे फार शांत आहे अशी त्यांची तक्रार होती. माझा प्रकार त्या बराच वेळ बघत होत्या.

“अहो बाई,” शेवटी त्या म्हणाल्या, “त्या टीव्हीकडे बघणं बंद करा. आपलंच चाललंय त्याच्यावर, आपण बघितलं म्हणून काही वेगळं दाखवणार नाहीत.”

मी म्हटलं, मला भीती वाटते.

“मग वाटू द्या की. भ्यायलेल्या माणसाला इथून लवकर काढत नाहीत असं थोडंच आहे. मीही भ्यायलेय. पण मी भिंतीकडे तोंड करून भिते.”

मी भिंतीकडे तोंड केलं. सांगायला हरकत नाही, थोडा फरक पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला तपासणीहून परत आणलं तर आजींची खाट रिकामी होती. चादर बदललेली, कडेचं कपाट पुसलेलं. मला कुणी काही सांगितलं नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. मी, जी शिबिरात शंभर माणसांना मोठ्याने नाव विचारते, ती एक प्रश्न तोंडातच धरून संध्याकाळपर्यंत पडून राहिले. चहा देणाऱ्या बाईंनी आपण होऊन सांगितलं, त्या कसब्यातल्या आजींना साध्या वॉर्डात हलवलं, आणि तिथे इडली गार आहे म्हणून त्यांचं भांडण चालू आहे. मी पांघरूण तोंडावर घेऊन रडले.

सोडताना मोठ्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी चित्र काढून सांगितलं. एक नळी उघडली आहे. दुसरीतही अडथळा आहे, पण तिला इतक्यात हात लावायचा नाही. रक्तदाब ताब्यात राहिला तर कदाचित लावावाही लागणार नाही. नाही राहिला, तर दुसरा झटका तिथून येऊ शकतो. “म्हणून रोज घरी बी.पी. मोजायचं आणि लिहून आणायचं. त्यावर औषध ठरेल. तुम्ही तर याच क्षेत्रातल्या,” त्या हसून म्हणाल्या, “तुम्हाला काय सांगायचं?”

फ्रिजवरचं खोकं

मिलिंदनी मी घरी पोचायच्या आधी नवं मशीन आणून ठेवलं होतं. फ्रिजवर, खोक्यासकट. मी त्याला हात लावला नाही.

पहिल्या दिवशी म्हटलं, प्रवास झालाय, आज आकडा बरोबर येणार नाही. दुसऱ्या दिवशी झोप झाली नव्हती. नंतर मुलीशी वाद झाला होता, मग पाहुणे आले होते. प्रत्येक कारण खरं होतं. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले, की मोजल्याने बी.पी. वाढत नाही, मोजलं नाही म्हणून कमीही होत नाही. सगळं माहीत होतं. पण तो पट्टा दंडाभोवती आवळला जाणार आणि शेवटी एक आकडा येऊन थांबणार, या विचाराने मी फ्रिजकडे बघणंही टाळायचे. जोवर मोजत नव्हते तोवर दुसरी नळी बरी होती. मोजलं की तिच्याबद्दल काहीतरी ठरणार होतं.

आमची मुलगी प्रज्ञा खराडीला आयटीत आहे. तिने घरातलं लोणचं, पापड, फरसाण, सगळं एका पिशवीत भरून वॉचमनला देऊन टाकलं. मला न विचारता. मला राग आला, तिलाही आला.

“मम्मी, सीरियसली, रीडिंग नसेल तर डॉक्टर डोस ॲडजस्ट कशावर करणार? तू दुसऱ्या कुणाला असं करू दिलं असतंस?”

मी म्हटलं, मला शिकवू नकोस. ती म्हणाली, शिकवत नाहीये, घाबरलेय. आणि खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. त्या घरात आम्ही तिघं होतो आणि तिघं वेगवेगळ्या खोल्यांत घाबरत होतो.

मिलिंदची तऱ्हा वेगळी. मी अंघोळीला गेले की ते म्हणायचे, कडी लावू नकोस. आणि दाराबाहेर उभे राहायचे. आत जरा शांत झालं की विचारायचे, “टॉवेल घेतलास का?” मी म्हणायचे, घेतला. थोड्या वेळाने, “साबण आहे ना?” आहे. “गीझर बंद केलास?” मी एकदा वैतागून म्हटलं, अहो, मी अंघोळ करतेय की मुलाखत देतेय? त्यांनी दारावर एकदा टकटक केली. मग, “तू बोलत राहा म्हणजे झालं.”

त्यानंतर मी अंघोळ करताना मोठ्याने आपलं आपण बोलायला लागले. भाजी काय आणायची, कोणाला फोन करायचा राहिला. मिलिंद बाहेरून हं, हं म्हणायचे. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांशी इतकं कधी बोललो नव्हतो.

चालायचं कुठे

घरी सोडल्यावर माणसाला दोन ओळींचा सल्ला मिळतो. मीठ कमी करा, रोज चाला. चालायचं कुठे, हे कुणी सांगत नाही. आमच्या बाजूला आळंदी रस्त्यालगत फुटपाथ आहे, पण त्यावर दुचाक्या उभ्या असतात, आणि जिथे नसतात तिथून दुचाक्या जातात. एकदा मागून हॉर्न वाजला आणि माझं काळीज इतक्या जोरात उडालं की मी एका दुकानाच्या पायरीवर बसूनच राहिले. त्यानंतर आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून फिरायला लागलो. हृदयविकार टाळायचा तर आधी लोकांना चालायला जागा पाहिजे. हे आरोग्य खात्याचं काम नाही असं मी पूर्वी म्हणाले असते. आता म्हणणार नाही.

आणखी एक. जिना किती चढायचा? घरात एकटं राहिलं तर चालेल का? रात्री धडधडलं तर ते साधं की धोक्याचं? नवराबायकोने एका पलंगावर झोपायचं की नाही? हे प्रश्न मिलिंदना आणि मला, दोघांनाही होते आणि विचारायला कुणी नव्हतं. सोडायच्या दिवशी कुणीतरी शांतपणे आमच्याशेजारी बसून हे सांगायला हवं होतं. आम्हाला जाडजूड फाइल मिळाली, एक माणूस मिळाला नाही. झटक्यानंतर माणसाला पुन्हा उभं करणं हेही धोरणात असलं पाहिजे. स्टेंट बसवला की काम संपत नाही, तिथून ते घरच्यांच्या गळ्यात पडतं.

सुंदर फाइल

तपासणीच्या दिवशी मी फाइल घेऊन गेले. रिपोर्ट तारखेनुसार लावलेले, रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या, औषधांचं वेळापत्रक पहिल्या पानावर. डॉक्टरबाईंनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटली.

“फाइल सुंदर आहे,” त्या म्हणाल्या. “मला जे हवंय तेवढं फक्त यात नाही.”

मी प्रवास, झोप, पाहुणे असं सांगायला लागले. मिलिंद खाली बघत होते. बाईंनी माझं बोलणं संपू दिलं.

“मोजायची भीती वाटते का?”

मी हो म्हटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

“इथे मी मोजलं तर ते भीतीचं बी.पी. येणार. त्यावर मी दुसऱ्या नळीचा निर्णय घेऊ का? की अंदाजाने गोळी वाढवू?” त्या रागावलेल्या नव्हत्या, त्यामुळे ऐकणं जास्त कठीण गेलं. “घरी जमत नसेल तर दुसरीकडे मोजा. ज्याच्यासमोर हात पुढे करता येईल असं कुणी शोधा. पण मोजा. तुमच्याकडे फार वेळ आहे असं समजून चालू नका.”

परत येताना रिक्षात मला आमच्या संस्थेचे अहवाल आठवत होते. तपासणीत बी.पी. जास्त निघालेल्या लोकांना आम्ही चिठ्ठी देतो. त्यातले बरेच दवाखान्यात जातच नाहीत. का जात नाहीत, या रकान्यात आम्ही लिहितो: जागरूकतेचा अभाव. ते शब्द मी स्वतः टाइप केलेत, दर वर्षी, आधीच्या वर्षीचे उतरवून. माझ्याइतकी जागरूक बाई त्या वस्तीत दुसरी नसेल, आणि माझं मशीन फ्रिजवर खोक्यात होतं. त्या रकान्यात ‘भीती’ असा शब्द लिहायची सोयच आम्ही ठेवली नव्हती. आणि जो भ्यायलाय त्याला पत्रक देऊन काय होणार? त्याच्याबरोबर कुणीतरी जायला पाहिजे.

सिस्टर

शिंदे सिस्टरांनी मला दवाखान्यात पोचवलं, त्यानंतर त्या आल्याच नाहीत. मिलिंदना फोन करून चौकशी करायच्या, माझ्याशी बोलायच्या नाहीत. मला वाटलं, शिबिरांची धावपळ असेल. एका दुपारी त्या घरी आल्या. सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या. पाणी घेतलं, चहा नको म्हणाल्या. माझ्या प्रकृतीची दोन वाक्यं झाली.

“दर शिबिराला तुमचा हात माझ्या हातात होता,” त्या एकदम म्हणाल्या. “एखाद्या म्हातारीचा तोच आकडा आला असता तर मी तिला उठू दिलं नसतं.”

मी म्हटलं, सेल तर मीही बदलत होते.

“तुम्ही नर्स नाही.”

 तुमच्यामुळेच मी वेळेत पोचले, असं म्हणता आलं असतं आणि ते खरंही होतं. पण त्या ते ऐकायला आल्या नव्हत्या. मी विचारलं, नंबर एक कुठे आहे? त्या म्हणाल्या, कपाटात. कुणी त्याला हात लावत नाही.

“त्याने काय केलंय?” मी म्हटलं. “आपल्यात ते एकटंच खरं बोलत होतं.”

त्यांना हसू आलं आणि ते मधेच मोडलं. जाताना चपला घालता घालता त्यांचं लक्ष फ्रिजवर गेलं. खोक्यावरची चिकटपट्टी अजून तशीच होती. त्यांनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि दुसरी चप्पल घातली.

रांग

पुढचं शिबिर पुन्हा त्याच विहारात होतं. मी कामावर रुजू झाले नव्हते, पण त्या सकाळी मिलिंदना म्हटलं, मला तिथे सोडा. जिना नाही, दोन पायऱ्या आहेत. त्या चढून आत गेले तर हॉल माझ्याशिवाय मांडलेला. पडदे जरा तिरके होते. पोस्टर तेच, माणूस छाती धरून उभा.

सिस्टर टेबलामागे बसल्या होत्या. समोर दोन्ही मशीनं होती. मी सवयीने अलीकडच्या बाजूला, खोक्यांपाशी जाऊन उभी राहिले.

“तिकडे नाही,” त्या म्हणाल्या, आणि हाताने समोरची प्लास्टिकची खुर्ची दाखवली. “आता आधी आपली माणसं. मग बाकीचे. सगळ्यांचं झालंय, तुमचंच राहिलंय.”

मी वळसा घालून पलीकडे गेले. इतकी वर्षं मी त्या टेबलाला हात लावत होते, पण त्या बाजूने ते कसं दिसतं ते मला माहीत नव्हतं. तिथून नर्सचा चेहरा फार मोठा दिसतो. मशीनचा आकडा दिसत नाही, तो तिच्याकडे वळवलेला असतो. मागे रांग लागली होती आणि सगळ्यांची नजर आपल्या पाठीवर आहे असं वाटत होतं. बहुधा कुणीच बघत नव्हतं. मिलिंद दाराशी उभे होते. त्यांनी हाताने, बस, अशी खूण केली.

“नाव?” सिस्टरांनी विचारलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. “नाव सांगा.”

“सुजाता मिलिंद गायकवाड.”

“वय?”

“तुम्हाला माहितीये.”

“पेशंटला विचारायचं असतं.”

मी सांगितलं. त्यांनी लिहिलं. मग नंबर एक पुढे ओढलं आणि माझ्या दंडाभोवती पट्टा गुंडाळला. घाई नाही, दोन बोटं आत घालून घट्ट आहे का ते बघितलं. पाय सरळ ठेवा म्हणाल्या, बोलू नका म्हणाल्या. पट्टा फुगायला लागला. माझ्या कानात माझेच ठोके ऐकू यायला लागले. मला उठून पळावंसं वाटलं. खरंच, उठायला पायांवर जोरही दिला होता. पण हात त्यांनी धरून ठेवला होता. मी तोंड भिंतीकडे केलं.

पट्टा उतरत गेला आणि थांबला. सिस्टरांनी आकडा वाचला, माझ्याकडे नीट बघत, मोठ्याने. अजून जास्तच होता. त्या दिवशीइतका नाही, पण जास्त.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, “सेल बदलून बघायचे का?”

“मशीन चांगलं आहे,” सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी आकडा माझ्या नावासमोर लिहिला आणि चिठ्ठी फाडली. मी हात पुढे केला, पण ती त्यांनी मला दिली नाही. घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

“उद्या सकाळी रिक्षा घेऊन येते. खाली येऊन उभ्या राहा. डॉक्टरांकडे दोघी जाऊ. आणि त्यानंतर रोज संध्याकाळी मी येणार, ते फ्रिजवरचं खोकं उघडायला.”

मी मान हलवली.  भीती कमी झाली होती का? नाही. ती आताही, हे लिहिताना, तशीच आहे. फक्त तिला आता एक आकडा होता आणि तो आकडा आणखी एका माणसाला माहीत होता.

मागून आवाज आला, “ताई, झालं असेल तर उठा की. लाइन आहे.”

मी उठले आणि त्या बाईंसाठी खुर्ची सरळ केली.